रस्त्यावर मिटवून घेऊ नका

सायकलला धक्का लागला की नाशिकच्या कुठल्याही रस्त्यावर पहिलं वाक्य कानावर येतं: "जाऊ द्या, मिटवून घ्या." गाडीवाला म्हणतो, जमलेली माणसं म्हणतात आणि बरेचदा पडलेला सायकलवालाही मान डोलावतो. सायकलला नंबर नाही, लायसन्स नाही, विमा नाही. मग कायद्यात आपली किंमत ती काय, असा समज घट्ट बसला आहे. तो समज साफ खोटा आहे.

पंचवटीतून दिंडोरी रोडने पहाटे सायकल चालवायची माझी जुनी सवय. बाजार समितीकडे निघालेल्या भाजीच्या पिकअप त्या वेळी घाईत असतात, म्हणून मी कडेने, पुढे-मागे दिवा लावूनच जाते. एके दिवशी टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप अंगाला घासूनच पुढे गेली. तिच्या आरशाचा फटका उजव्या दंडाला बसला आणि मी डाव्या खांद्यावर आपटले. कॉलर बोन मोडलं. चालक थांबला, कोवळा पोरगा होता. "काकू, चुकून लागलं, हे दोन हजार ठेवा," म्हणाला. भोवतीच्या सगळ्यांचा सल्ला तोच. चहाच्या टपरीवरच्या दादांनी मात्र गाडी हलायच्या आत तिचा आणि पडलेल्या सायकलचा फोटो काढला, नंबर प्लेट दिसेल असा. पैसे मी घेतले नाहीत.

खरा घोटाळा झाला तो दवाखान्यात. मला रिक्षाने घेऊन गेलेल्या भल्या माणसाला कॅज्युअल्टीत विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "सायकलवरून पडल्या." डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. मी कळवळत होते, केस पेपर कोण वाचतो? डिस्चार्जच्या वेळी भाच्याने तो वाचला आणि त्याच्या लक्षात आलं की पिकअपचा उल्लेखच कुठे नाही. आम्ही लेखी अर्ज दिला, तेव्हा दुरुस्तीची नोंद झाली, पण पहिली ओळ खोडता येत नाही. नुकसानभरपाईचा दावा लावल्यावर विमा कंपनीच्या वकिलांनी नेमकी तीच ओळ पुढे केली: बाई स्वतः तोल जाऊन पडल्या, आमच्या गाडीचा संबंध नाही. दावा अजून चालू आहे, आणि त्यात माझा सगळ्यात मोठा आधार टपरीवाल्या दादांचा फोटो आहे.

म्हणून शुद्धीवर असाल तर स्वतः आणि नसाल तर सोबतच्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं: अमुक गाडीने धडक दिली, नंबर अमुक. एम.एल.सी. (मेडिको-लीगल केस) करा म्हणायचं आणि काय लिहिलं ते वाचून घ्यायचं. मदत करणाऱ्यांनी घाबरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं, त्याने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. स्वतःचं नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

पोलीस ठाण्यात मला आधी सांगण्यात आलं, "सायकलचंच आहे ना, एन.सी. करून घेऊ." इथे ठाम राहावं लागतं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम २८१ मध्ये बेदरकारपणे गाडी चालवणं आणि कलम १२५ मध्ये त्यातून इजा करणं हे गुन्हे आहेत, आणि दोन्ही दखलपात्र आहेत. दखलपात्र गुन्ह्याला एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, नसते, एफआयआर असतो, आणि त्याची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते. हद्दीचा वाद घातला तर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. नोंदवून घेतलाच नाही तर शहरात पोलीस उपायुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा, आणि पोच घ्या. जबाबावर सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका. वाकलेलं हँडल हाही पुरावा असतो. शेजारच्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांतच द्या.

पैशाचं म्हणाल तर मोटारीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि सायकलस्वार हा त्यातला तृतीय पक्षच. भरपाई त्या गरीब पोराच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून येते. त्यामुळे "कशाला त्याच्या पोटावर पाय द्यायचा" ही भीडही ठेवू नये. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावायचा, तुम्ही राहता तिथेही लावता येतो. मुदत मात्र कायद्याने अपघातापासून सहा महिने ठेवली आहे. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. प्लास्टर निघेपर्यंत थांबू म्हणत यातला बराच वेळ निघून जातो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळण्याची योजना आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. दवाखान्यात दाखल होतानाच त्याची चौकशी करा.

हेल्मेटबद्दल सारखं विचारलं जातं. कलम १२९ मोटारसायकलला लागू आहे, सायकलला नाही. तरीही मी घालते आणि तुम्हीही घाला, डोकं आपलं आहे. पण हेल्मेट नव्हतं म्हणून तक्रार घेणार नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला कायद्याचा आधार नाही. सायकल ट्रॅकचंही तसंच. जिथे तो आखला आहे तिथे मोटार घालणं नियमबाह्य आहे. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या स्मार्ट रोडवर तो आखलेला आहे. तिथे मोटार घातलेली किंवा उभी केलेली दिसली तर फोटो, वेळ आणि नंबर घालून वाहतूक शाखेकडे लेखी द्या. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही.

खड्ड्याने पाडलं तर? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल दिला आहे: खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. कुंभमेळ्यासाठी शहरात जागोजागी खोदकाम चालू असताना प्रत्येक नाशिककराने हे लक्षात ठेवावं.

महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मला जास्त काळजी वाटते ती सातपूर-अंबडच्या शिफ्टला डबा लावून निघणाऱ्या कामगाराची. त्याच्या सायकलला दिवा नसतो, त्याला एक दिवस खाडा परवडत नाही, आणि रस्त्यावर हातात टेकवलेले दोन हजार तोच सगळ्यात आधी घेतो. कायद्याने औद्योगिक कामगार, सगळ्या स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. मलाही तिथूनच वकील मिळाला.

तुमच्या कंपनीच्या गेटवर, सोसायटीच्या वॉचमनला, पेपर टाकणाऱ्या मुलाला, घरी दूध घालणाऱ्या दादांना एवढं नक्की सांगा: आधी गाडीच्या नंबरचा फोटो, मग ११२ ला फोन, आणि पैसे घेऊन कुठल्याही कागदावर सही नाही.