मुलाखत : ‘मी काय केले?’

मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर या पदासाठी मुलाखत घेताना काय पाहिले जाते आणि उत्तराची भाषा कशी असावी, हे आपण या पाठात समजून घेणार आहोत.

प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या अनेक प्रकल्पांचा मेळ घालणारा अधिकारी. इमारत उभी राहिली, पण पाणी आले नाही, तर तेथे कोणी राहायला जाणार नाही. पाणी आणि इमारत ही कामे दोन वेगळ्या प्रमुखांची. त्यांची सांगड घालणे हे त्याचे काम.

चंदीगड शहर अशाच कामातून उभे राहिले. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्याने पंजाबला नवी राजधानी हवी होती. आरंभीचा आराखडा अल्बर्ट मेयर व मॅथ्यू नोविकी यांच्याकडे होता. ऑगस्ट 1950 मध्ये नोविकी विमान अपघातात मरण पावले. त्यानंतर प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोघे वास्तुविशारदाच्या शोधात युरोपला गेले. पॅरिसमध्ये ते ल कॉर्ब्युझिए यांना भेटले. एका अर्थी ही मुलाखतच होती. ल कॉर्ब्युझिए जगप्रसिद्ध होते. मात्र भारतात येऊन राहण्याची त्यांची तयारी नव्हती. अखेर असे ठरले, की त्यांनी वर्षातून दोनदा सुमारे महिनाभर यावे आणि पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांनी तीन वर्षांच्या करारावर येथे राहून काम पाहावे. जानरे तर 1965 पर्यंत राहिले. 7 ऑक्टोबर 1953 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले. जे आपल्याला जमणार नाही ते आधीच सांगणाऱ्या उमेदवाराबरोबर वाट काढता येते, ती अशी.

आज त्याच चंदीगडच्या राजीव गांधी तंत्रज्ञान उद्यानात इन्फोसिससारख्या कंपन्यांची कार्यालये आहेत. मोठ्या कंपन्यांत अशा पदासाठी सामान्यतः मुलाखतीच्या एकाहून अधिक फेऱ्या होतात. प्रश्न साधे वाटतात : ‘दोन विभागांत मतभेद झाले, तेव्हा तुम्ही काय केलेत?’ ‘काम वेळेत होणार नाही, हे तुम्हाला केव्हा कळले? कोणाला कळवलेत?’

येथे आपली मराठी आड येते. ‘मी, मी’ करणे आपल्याकडे शिष्टाचाराला धरून नाही. शिवाय कार्यालयीन भाषेने आपल्याला ‘करण्यात आले’, ‘ठरवण्यात आले’ असे बोलण्याची सवय लावली आहे. या वाक्यांत कर्ता दिसत नाही, आणि मुलाखत घेणारा नेमका कर्त्याच्याच शोधात असतो!

समजा, एका उमेदवाराने गोदाम हलवण्याचे काम पाहिले आहे. ‘अडचणी आल्या, परंतु सर्वांच्या सहकार्याने त्या सोडवण्यात आल्या,’ या उत्तरातून काहीच कळत नाही. आता हे उत्तर पाहा : ‘पावसाने रस्ता बंद झाला. ट्रक येणार नाहीत, हे मला मंगळवारी सकाळी कळले. मी लगेच मालकांना फोन केला. औषधांचे खोके लहान टेम्पोतून दुसऱ्या रस्त्याने आधी पाठवले. बाकीचा माल दोन दिवस उशिरा पोचला.’ उशीर झाला, हे यात लपवलेले नाही. त्यामुळेच बाकीचे खरे वाटते.

या पदासाठी बहुधा पदवी व काही वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे शालान्त परीक्षेनंतर लगेच ते मिळेल असे नाही. परंतु पर्यवेक्षक किंवा प्रकल्प साहाय्यक यांच्या मुलाखतीतही हेच विचारले जाते. आणि तुमच्यापैकी अनेकांनी दुकान, शेत, कारखाना किंवा बचत गट सांभाळताना असे निर्णय घेतलेलेच आहेत.

कृती : पुढील वाक्य एका अर्जातील आहे. ‘मागील वर्षी मालाची आवक सुरळीत करण्यात आली व ग्राहकांच्या तक्रारी दूर करण्यात आल्या.’ कोणी, केव्हा आणि कसे, हे कळेल अशा रीतीने ते ‘मी’ हा कर्ता घेऊन चार वाक्यांत पुन्हा लिहा. जे काम दुसऱ्याने केले असेल, तेथे ‘मी’ लिहू नका.