पहिल्या चिलखताविषयी चि. माईस

पुणे,
आश्विन शुद्ध पंचमी



सेंदाईहून धाडलेले तुझे पत्र परवा पोचले. एप्रिलपासून सहा महिने केंदोच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या दालनात, लाकडी जमिनीवर अनवाणी पाय सरपटवीत चालणे आणि रिकाम्या हवेत शिनाई ही बांबूची तलवार चालवणे एवढेच करीत राहिल्यानंतर आता तुझ्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, बोगू हे चिलखत घेण्याची आज्ञा दिली, हे वाक्य मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवले; कारण तेच वाक्य मला, नोकरीच्या निमित्ताने तोक्योत गेलेल्या माणसाला, वयाची चाळिशी उलटल्यावर ऐकायला मिळाले होते आणि त्या संध्याकाळचा आनंद अद्यापि मनातून गेलेला नाही. पत्रासोबतची माहितीपत्रकेही बारकाईने पाहिली. त्यांतील पेन्सिलीच्या खुणांवरून तुझा ओढा कोणीकडे आहे ते ध्यानात आले, आणि म्हणूनच विलंब न लावता आजच उत्तर लिहावयास बसलो आहे.

तू तांबड्या लाखेच्या चकचकीत दोभोवती, म्हणजे छातीच्या कवचाभोवती, वर्तुळ काढले आहेस, आणि कोत्याच्या, म्हणजे हातमोज्यांच्या, पानावर मात्र एकही खूण नाही. खरेदीच्या तपशिलात शिरण्यापूर्वी म्हणून एवढे सांगतो की बोगू आपण आपल्या अंगावर चढवतो खरा, पण तो ज्याच्या कामी येतो तो समोरचा माणूस होय. चिलखत रूढ होण्यापूर्वी जपानातील तलवारीच्या संप्रदायांत लाकडी तलवार घेऊन ठरलेल्या क्रमाचे अभ्यास, म्हणजे काता, प्रामुख्याने चालत. कारण मनापासून केलेला वार म्हणजे मोडलेले मनगट किंवा फुटलेले कपाळ. १७११ ते १७१६ या शोतोकु काळात जिकिशिनकागे संप्रदायाच्या नागानुमा शिरोझाएमोन कुनिसातो यांनी अंगत्राणे सुधारून बांबूच्या शिनाईने वार करण्याची पद्धत बसवली, आणि पुढे १७५१ ते १७६४ या होरेकी काळात इत्तो संप्रदायाच्या नाकानिशी चूझो यांनी लोखंडी जाळीचे शिरस्त्राण व बांबूचे कवच वापरून तीच पद्धत पुढे नेली. चिलखतामुळे मोकळा झाला तो मारणाऱ्याचा हात. पातळ कोत्याखाली तुझे मनगट ठणकते हे तुझ्याबरोबर सराव करणाऱ्या ज्येष्ठ मुलीच्या एकदा लक्षात आले की ती सुस्वभावी असल्यास हात आखडून मारील, आणि आखडत्या हाताचा वार तुला काहीएक शिकवणार नाही. तेव्हा कोणताही जिन्नस हाती घेतलास की पहिला प्रश्न हाच मनाला विचार की हा घालून मी उभी राहिले तर समोरची व्यक्ती निर्धास्तपणे पूर्ण वार करील काय.

माझ्या हातून या बाबतीत जी चूक झाली ती तुला सांगतो. सेन्सेईंची मसलत न घेता मी एकटाच एका दुकानात गेलो, आणि तेथील विक्रेत्याने माझ्या डोक्याला दोरी न लावता, नुसते नजरेने पाहून, सैल असलेला बरा असे म्हणून एक मोठा मेन, म्हणजे जाळीचे शिरस्त्राण, माझ्या पदरात घातला. तो मेन डोक्यावर ठरत नसे. दहा-पंधरा वार बसले की बोटभर खाली उतरे, आणि मग जाळीतून समोरचे नीट दिसावे म्हणून माझी हनुवटी आपोआप वर जाई. हनुवटी वर गेली की मान ताठरते, खांदे चढतात, गळ्याखालचा भाग उघडा पडतो आणि माणूस पुढे झेपावण्याऐवजी टाचांवर रेलतो. दोन वर्षे मी ही ढब अंगी बाणवून घेतली, ती काढण्यास पुढे त्याहून अधिक काळ गेला, आणि आमचे वृद्ध सेन्सेई दर सरावाच्या अखेरीस काही न बोलता दोन बोटांनी माझी हनुवटी खाली दाबीत, त्या बोटांचा स्पर्श मला आजही आठवतो.

यासाठी मेनच्या मापात किंचितही हयगय करू नकोस. मापे दोन घ्यावी लागतात: एक हनुवटीखालून डोक्याच्या माथ्यापर्यंत उभा वेढा, आणि दुसरे कपाळावरून डोक्याभोवती आडवा वेढा. ही दोन्ही दुसऱ्याकडून घेववावीत, स्वतः घेऊ नयेत. दुकानात जाताना तेनुगुई बरोबर ने आणि ती डोक्याला बांधूनच मेन चढव, कारण त्या सुती फडक्याची जाडीही मापात धरावी लागते. हनुवटी खालच्या गादीत नीट बसली पाहिजे, कपाळ आणि दोन्ही गाल आतल्या कड्याला सारखे टेकले पाहिजेत, आणि तरीही मोठ्याने आरोळी देण्याइतके तोंड उघडता आले पाहिजे. केंदोत आवाज कोंडला तर वारही कोंडतो हे तुला आतापर्यंत उमगलेच असेल. मग आरशासमोर उभी राहा. जाळीच्या आडव्या गजांमध्ये वरून सहाव्या आणि सातव्या गजांमधली फट इतरांहून जराशी रुंद ठेवलेली असते, तिला मोनोमी म्हणतात; मान सरळ ठेवून पाहिले असता तुझी दृष्टी नेमकी त्या फटीतून गेली पाहिजे. ती एक गज वर किंवा खाली जात असेल तर तो मेन कितीही देखणा असो, कितीही किफायतशीर असो, परत ठेव. जाळी ड्युरॅल्युमिनची असली तरी तूर्त चालेल. टायटॅनियमची अधिक टिकाऊ असते खरी, परंतु तिचे मोल मोठे आणि तुला आज त्या टिकाऊपणाची गरज नाही.

मेनच्या दोन्ही बाजूंस खांद्यावर येणारी जी जाड झूल असते, ती आखूड कापून घेण्याची टूम मध्यंतरी तरुण खेळाडूंत फार माजली होती, आणि तुझ्या माहितीपत्रकातही तसे नमुने आहेत. स्पर्धेच्या नियमांनी आता ती झूल खांद्याचा सांधा झाकील इतकी, आणि कोत्याची बाही कोपर-मनगटातील निदान अर्धे अंतर झाकील इतकी लांब असावी असे ठरवून दिले आहे. चुकलेला वार कपाळावर न बसता खांद्यावर बसतो, आणि नवशिक्यांच्या संगतीत चुकलेले वारच अधिक, एवढे ध्यानात घेतलेस म्हणजे या नियमाचे कारण वेगळे सांगावयास नको.

आता कोत्याकडे वळतो, आणि येथे जरा रेंगाळणार आहे, कारण सबंध बोगूमध्ये मला अत्यंत जिव्हाळा वाटतो तो या एका जिनसाविषयी. कोत्याच्या तळव्याला जपानी भाषेत तेनोउची म्हणतात, आणि शिनाईवरील मुठीच्या पकडीचे जे सूक्ष्म कौशल्य, वाराच्या क्षणी आवळून लगेच सैल सोडण्याचे, त्यालाही तेनोउची असेच नाव आहे. चामड्याला आणि कौशल्याला एकच शब्द. तळवा जाड व ताठर असला तर मुठीला शिनाईची मूठ कळतच नाही. यास्तव शक्य असल्यास तळवा हरणाच्या कातड्याचा घे. कृत्रिम चामडे धुण्यास सोपे नि स्वस्त पडते, पण हरणाचे कातडे घामाने हाताशी मऊ होत जाते. दुकानात कोते चढवून शिनाई प्रत्यक्ष हाती धर. बोटांची टोके पुढे दाबली जात नाहीत ना, आणि मूठ वळताना तळव्यावर चामड्याच्या घड्या पडत नाहीत ना, हे पाहा. मग उजव्या कोत्याचा मनगटावरचा भाग अंगठ्याने दाबून पाहा, कारण वार तेथेच बसायचे आहेत. मुठीच्या गादीत पूर्वापार हरणाचे केस भरतात. ते आतून पोकळ असल्याने धक्का गिळतात. स्वस्त कोत्यात कापूस किंवा कृत्रिम तंतू असतो, तोही चालेल, पण भरण मुबलक असावे. पैसा कोठे थोडा अधिक खर्चावयाचा असेल तर तो कोत्यावर खर्च. वर्षभरात तळवा झिजून फाटेल, तेव्हा नवा कोते घेण्याची घाई न करता तो दुकानातून नव्या कातड्याने मढवून घे; आणि मढवायला देण्यापूर्वी तो उजेडात धरून पाहा. उजवा तळवा आधी विरला असेल तर उजव्या हाताने तू शिनाई आवळून धरते आहेस असे खुशाल समज, आणि ते सेन्सेईंना दाखव.

शिवणीविषयी तू जो प्रश्न केला आहेस त्याचे उत्तर तुझ्या आजीच्या गोधडीत आहे. मेनची झूल, कोत्याची बाही, तारे या कमरेच्या कवचाच्या पाकळ्या, हे सारे गोधडीप्रमाणेच थरांवर थर ठेवून धावदोऱ्याने शिवलेले असते, आणि माहितीपत्रकातील आकडे म्हणजे दोन ओळींमधील अंतर होय. यंत्राच्या शिवणीत ते मिलिमीटरांत सांगतात, हाताच्या शिवणीत बू या जुन्या मापात. एक बू सुमारे ३ मिलिमीटरांचा. ओळी जितक्या जवळ, तितके थर दाबले जाऊन कापड घट्ट व कडक. ओळी दूर, तर ते फुगीर व मऊ. आकडा लहान म्हणजे चिलखत थोर, असे समजण्याचे कारण नाही. तुला यंत्राने शिवलेला ६ किंवा ५ मिलिमीटरांचा संच योग्य होय. तो पन्नास-साठ हजार येनांच्या आसपास मिळेल. हाताने शिवलेल्या संचाचे मोल लाखांच्या घरात जाते आणि तो कारागिराचे महिनोन्‌महिने घेतो. तसा संच घेण्याची वेळ तुझ्या आयुष्यात यावी अशी माझी मनोमन इच्छा आहे, पण ती आज नव्हे.

दोविषयी फार लिहीत नाही. बांबूच्या कांब्या चामड्याने मढवून त्यावर लाख चढवलेला दो फार सुंदर असतो, ४३, ५० किंवा ६० कांब्यांचा म्हणून तो ओळखला जातो. तुला मात्र कृत्रिम द्रव्याचा साधा काळा दो पुरे. तो बरगड्यांना झाकून बसावा, काखेखाली फट राहू नये, एवढेच पाहा. तांबडा नको. नवशिक्या मुलीने काळ्या दोमध्ये उभे राहावे ही त्या दोजोची रीत आहे, आणि परक्या घरी शिकावयास गेलेल्याने तेथील रीत मनापासून पाळावी असे मला वाटते. तारे कमरेला घट्ट बसावा. त्याच्या मधल्या पाकळीवर आडवे विद्यापीठाचे नाव व उभे काताकाना लिपीत आपले आडनाव लिहिलेली पिशवी चढेल, तिचे छायाचित्र तुझ्या आईला अवश्य पाठव.

तुझ्या संघाकडे पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचे जुने बोगू आहेत असे लिहितेस. त्यांतील दो नि तारे वापरण्यास माझी हरकत नाही, उलट त्यातून वाचलेली रक्कम कोत्यावर घाल. मेन व कोते मात्र दुसऱ्याचे नकोत. ते पहिल्या धन्याच्या चेहऱ्याला नि मुठीला घडलेले असतात, शिवाय घामाची बुरशी आत शिरली की ती धुवून जात नाही.

नवा मेन प्रथम फळीसारखा ताठ वाटेल. सराव नसेल त्या दिवशीही सेइझा, म्हणजे गुडघे मोडून बसण्याची बैठक, घालून तो बांध आणि सोड. दोरीची टोके गाठीपासून ४० सेंटिमीटरांहून लांब राहू देऊ नकोस, आणि गाठ बसल्यावर कानांपाशी झूल थोडी बाहेर ओढून घे, म्हणजे वाराच्या दाबाने कानाला इजा होणार नाही. सराव संपताच मेनच्या आतला घाम ओल्या फडक्याने टीप, कोत्याचे तळवे ओढून सरळ कर आणि सारे सावलीत, वाऱ्यावर टांग. उन्हात कधीही नको; निळीचा रंग उडतो नि कातडे वाळून कडक होते. पहिले काही महिने हात आणि कपाळ निळे होतील, त्याची चिंता करू नकोस. जूनमधल्या पावसाळ्यात मात्र बोगू पिशवीत बंद करून ठेवलास तर चार दिवसांत वास धरील.

रकमेची तजवीज मी केली आहे. तुझ्या आईला त्यात पडू देऊ नकोस. दुकानात जाण्यापूर्वी सेन्सेईंना विचार, आणि कोणी ज्येष्ठ मुलगी बरोबर येण्यास तयार असेल तर तिला ने. डोक्याची दोन मापे, तळव्याचा घेर आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतची लांबी, हे चार आकडे मला कळव, म्हणजे दुकानातून आलेला तपशील मी त्यांच्याशी ताडून पाहीन. दिवाळीच्या फराळाचा डबा काल टपालात टाकला आहे. आणि पहिल्यांदा मेन बांधून उभी राहशील त्या संध्याकाळी समोर कोण होते, आणि तिने पहिला वार किती मोकळ्या हाताने केला, ते सविस्तर लिही.

कळावे.

तुझा,
मामा