केस, गुंतवळ आणि जट

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. मोजायला बसू नका, मोजून होत नाहीत. केसाचे मूळ कातडीच्या आत असते, तेवढेच जिवंत असते. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. म्हणून कापताना दुखत नाही, पण ओढला की मुळाशी दुखते.

मुलग्यांनी हा लेख सोडून पुढचा वाचू नये. उवा मुलगा-मुलगी पाहत नाहीत.

माझे केस कमरेपर्यंत आहेत. दर रविवारी आई मला डोक्यावरून न्हाऊ घालते. उन्हाळ्यात गावात टँकर येतो, तेव्हा दोन घागरींत सगळे उरकावे लागते. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. जड पाण्यात क्षार जास्त असतात. त्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरट थर केसांवर बसतो आणि केस राठ होतात. शिकेकाई व रिठा यांचे तसे होत नाही. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळायचे. न्हाताना डोळे गच्च मिटायचे, कारण रिठा डोळ्यात गेला तर फार आग होते. सगळ्यांत चांगले म्हणजे पावसाचे पाणी. पत्र्याच्या वळचणीखाली पातेले ठेवले की मिळते. ते हलके असते.

ओले केस लगेच विंचरू नयेत. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. पंचाने टिपून वाळू द्यावेत, मग खोबरेल तेलाचा हात फिरवावा. विंचरताना आधी टोकाचा गुंता काढायचा, मग मधला, मग डोक्याजवळचा. वरून एकदम फणी ओढली की आपण ओरडतो आणि आईचा धपाटा बसतो.

उवांविषयी थोडेच लिहिते, कारण सर्वांना त्या माहीत आहेत. ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती चालत जाते. लिखेतून सात ते दहा दिवसांत नवी ऊ निघते. म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही, दोन-तीन आठवडे बारीक फणी चालवावी लागते. काही घरी डोक्याला रॉकेल नाहीतर पिकावर फवारायचे औषध लावतात. पालकांनो, ते विष आहे, कातडीतून अंगात जाते. लावू नका.

आता गुंतवळ. प्रत्येकाचे रोज ५० ते १०० केस आपोआप गळतात. हा रोग नाही. ते फणीत येतात आणि त्यांची गुंतवळ होते. माझी आजी गुंतवळ भिंतीच्या भोकात साठवते. केसांवर भांडी देणारा आला की देते. मागे तिने एक चाळणी घेतली.

पण विंचरलेच नाही तर हे गळलेले केस कुठे जातील? ते डोक्यातच राहतात. दुसऱ्या केसांना पीळ घालून बसतात. वर घाम, धूळ आणि तेल चिकटते, आणि दोरखंडासारखे घट्ट होते. त्यालाच जट म्हणतात. येरमाळ्याच्या यात्रेत मी जट असलेल्या बायका पाहिल्या आहेत. लोक म्हणतात, देवीने जट दिली, आता फणी लावायची नाही. मग त्या जटेला हळदकुंकू लावतात. त्याने ती आणखी चिकटते आणि वाढते. धुता येत नाही, आत उवा होतात, वजनाने मान दुखते.

गेल्या दिवाळीनंतर मला टायफॉईड झाला होता. वीस दिवस मी अंथरुणावर होते. केस विंचरायला जमले नाही. उठले तेव्हा मानेवर लिंबाएवढा गोळा झाला होता. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "हात लावू नका, देवीची आहे." आई घाबरली. आजी मात्र म्हणाली, "माझ्या आक्काच्या डोक्यात तीस वरीस जट व्हती. रातच्याला कूस बदलता येत नव्हती तिला. मी बघितलंय. पोरीच्या डोक्यात ऱ्हाऊ देणार न्हाई. आण ते तेल."

तीन संध्याकाळी आजी माझ्या मागे बसली. तेल जिरवायचे, बोटांनी एकेक केस सोडवायचा, फणी शेवटी. देवी कोपली नाही. मी बरी होऊन शाळेत आले.

गुरुजींनी सांगितले की पूर्वी जट आलेल्या मुलीला यल्लम्मा देवीला सोडत. तिचे लग्न होत नसे. देवदासी प्रथा बंद करणारा महाराष्ट्राचा कायदा २००५ सालचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. समितीचे काम थांबले नाही. पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. जट जुनी आणि घट्ट असली तर ती बोटांनी सुटत नाही, कापावीच लागते. त्या आधी घरी जाऊन बोलतात, कारण बायकांना आणि घरच्यांना भीती असते की कापल्यावर काही वाईट होईल. कधी एका भेटीत होते, कधी पुष्कळ भेटी लागतात.

मी आजीला विचारले, तुझ्या आक्काची का नाही कापली? ती म्हणाली, "तवा कोण येतंय सांगायला."

कापलेले केस पुन्हा येतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वर्षाला जवळजवळ आपल्या दप्तरातल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीएवढा. दोन वर्षांत दोन पट्ट्या. तेवढ्यात छोटी वेणी बसते, रिबीनसुद्धा बांधता येते.