लहान लेकरांच्या घरचा नाताळ
(आगमनकाळासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : निर्गम 12:24-27, लूक 2:1-24
मुख्य विचार : मुलाने प्रश्न विचारावा आणि आईबापांनी उत्तर द्यावे, यासाठी सण आहे.



नाताळ जवळ आला की घरातले लहान मूल विचारू लागते, "अजून किती दिवस?" आईबापांचा मनातला हिशोब मात्र वेगळाच असतो : कपडे, फराळाचे सामान, गावी जाण्याचे भाडे. या दोन हिशोबांच्या मध्ये सण पुष्कळदा निसटून जातो. हा पाठ अशा आईबापांसाठी आहे. त्यांना मदतीचा हात देणाऱ्या आपणा सर्वांसाठीही आहे.

पडावावरचा नाताळ

आपल्या कार्यक्षेत्रातील बरीच कुटुंबे नंदुरबार जिल्ह्यातील आहेत. दिवाळीच्या सुमारास ती ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून 25 डिसेंबरलाही तोड थांबत नाही. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्या, बाहेर तीन दगडांची चूल, आणि दिवसभर धाकट्याला सांभाळणारी थोरली बहीण, असे तिथले घर असते.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात आम्ही अशा एका पडावावर गेलो. स्वेटर, खेळणी, केक असे बरेच काही नेले होते. मुलांना रांगेत उभे केले, वस्तू वाटल्या, प्रार्थना केली, फोटो काढले. तासाभरात कार्यक्रम आटोपला. निघताना एक बाई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन जवळ आली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण हा मला विचारतोय, नाताळ गाडीतून येतो का? आणि गाडी गेली की संपतो का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. परतीच्या वाटेवर ध्यानात आले की सगळे काही मुलांच्या हाती आम्हीच दिले होते आणि त्यांचे आईबाप बाजूला उभे राहून पाहत होते.

1. मुलाच्या प्रश्नाला घरचे उत्तर

निर्गमच्या बाराव्या अध्यायात देव वल्हांडण सण नेमून देतो. तिथे एक गोष्ट विशेष आहे. पुढे तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, असे देव आधीच सांगून ठेवतो आणि त्यांना काय सांगायचे तेही शिकवतो. हे उत्तर देण्याचे काम त्याने घरच्या माणसांवर सोपवले आहे.

सणाची मांडणीही मुलाला कळेल अशी आहे. दाराच्या चौकटीला लावलेले रक्त दिसते, भाजलेल्या कोकराचा वास येतो, बेखमीर भाकर आणि कडू भाजी जिभेला लागते. मूल आधी पाहते, चाखते, मग विचारते. तेव्हा आपण स्वतःला विचारावे : माझ्या मुलाला प्रश्न पडावा असे नाताळात माझ्या घरी काय घडते? दुकानातून आणलेल्या वस्तूबद्दल मूल "ही कुठून आणली?" एवढेच विचारील. आईबापांनी त्याच्यासोबत बसून काही केले, तर "हे आपण का करतो?" असे विचारील.

2. प्रवासातले गरीब कुटुंब

लूक सांगतो की सरकारी हुकूम निघाला, म्हणून योसेफ आणि दिवस भरत आलेली मरीया नासरेथहून बेथलेहेमला गेली. तिथे उतरायला जागा मिळाली नाही आणि बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले. पुढे 24 व्या वचनात मंदिरातल्या अर्पणासाठी दोन पक्ष्यांचा उल्लेख आहे. लेवीय 12:8 सोबत ठेवून वाचले की त्याचा अर्थ उलगडतो. ज्या बाळंतिणीला कोकरू आणण्याची ऐपत नसे, तिच्यासाठी नियमशास्त्राने पक्ष्यांची सवलत ठेवली होती. प्रभूचे घर त्या सवलतीतले होते.

शहरातल्या मुलाला गव्हाण म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. पाड्यावरच्या मुलाने सकाळीच तिच्यात चारा टाकलेला असतो. घर सोडून परमुलखात मुक्काम करणे म्हणजे काय, हेही पडावावरच्या लेकराला ठाऊक असते. त्याला ही गोष्ट सांगताना म्हणावे, "बाळ येशूचे आईबापसुद्धा आपल्यासारखेच गाव सोडून गेले होते."

3. गरिबांसाठी निघालेल्या दोन प्रथा

1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावाजवळ असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांसह बेथलेहेमचा देखावा उभा केला. बाळाने सोसलेली गैरसोय लोकांनी डोळ्यांनी पाहावी, ही त्याची इच्छा होती. गव्हाणीचा देखावा घरोघरी पोहोचण्यामागे त्या रात्रीची मोठी प्रेरणा आहे.

दुसरी गोष्ट जर्मनीतली. योहान हिन्रिख विखर्न हे हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांसाठी एक आश्रयगृह चालवत असत. मुले रोज "नाताळ कधी?" असे विचारत. 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारांसाठी चार मोठ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान होत्या. रोज एक जास्त पेटे आणि मुले दिवस मोजत. आज मंडळ्यांमध्ये दिसणारे आगमनकाळाचे चक्र त्या चाकापासून आले. दोन्ही प्रथांची सुरुवात साध्या, हाताशी असलेल्या वस्तूंनी झाली.

4. चार रविवार, चार कामे

खालील कामे रोज दहा मिनिटांत होतात. लहान मूल त्याहून जास्त वेळ बसत नाही, आणि बसवूही नये.

पहिला रविवार : दिवा आणि चांदणी. ताटात चार पणत्या ठेवाव्यात. पहिल्या रविवारी एक लावावी, दुसऱ्या रविवारी दोन, असे चौथ्या रविवारपर्यंत. विझवण्याचा मान धाकट्याला द्यावा. चांदणीसाठी बांबूच्या दहा सारख्या कामट्या घ्याव्यात. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या करून त्यांची पाचही टोके सुतळीने एकत्र बांधावीत. मध्ये पाच छोट्या काड्या आडव्या घातल्या की चांदणीला फुगवटा येतो. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवावा. खळ लावण्याचे काम मुलाचे. एक सूचना मात्र काटेकोर पाळावी : पाचटाच्या कोपीत पणत्या लावू नयेत, आणि कागदाच्या चांदणीत पणती कधीच ठेवू नये. पणत्या बाहेर मोकळ्या जागेत लावाव्यात, जवळ पाणी असावे. चांदणीत बॅटरीचा दिवा पुरतो.

दुसरा रविवार : रिकामी गव्हाण. चिकणमातीची छोटी गव्हाण करावी आणि ती रिकामीच ठेवावी. मुलाने कुणाला मदत केली, भांडण मिटवले, आपला खाऊ वाटून खाल्ला, की त्याने गवताची एक काडी तिच्यात ठेवायची. मोठ्यांनीही ठेवायची. शिक्षा म्हणून काडी कधी काढून घेऊ नये. बाळासाठी मऊ बिछाना तयार होतो आहे, एवढेच मुलाला सांगावे.

तिसरा रविवार : गोष्ट. लूक 2:8-20 वाचून घरातल्या घरात करून दाखवावे. डोक्याला टॉवेल गुंडाळला की मेंढपाळ तयार होतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मेंढरू होऊन ओरडायला आवडते. सहा-सात वर्षांचे मूल देवदूताचा निरोप आपल्या शब्दांत सांगू शकते. चुकले तर हसावे आणि पुढे जावे. तीच गोष्ट रोज सांगितली तरी मुलांना कंटाळा येत नाही. उलट एखादा शब्द बदलला तर ती आपल्याला पकडतात.

चौथा रविवार : देणे. करंज्या-शंकरपाळ्या झाल्या की पहिले ताट शेजारच्या घरी पाठवावे, तेही मुलाच्या हाताने. ज्याला इतरांकडून नेहमी घ्यावे लागते, त्या मुलाला हे विशेष गरजेचे आहे. आपल्याकडेही देण्याजोगे काही आहे, हे त्याला त्या दिवशी कळते. फराळ जमला नाही तर गुळाचा खडा चालेल.

24 तारखेच्या रात्री मातीचे बाळ गव्हाणीत ठेवावे. तोवर ती काड्यांनी भरलेली असते.

आणखी एक विनंती. नव्या कपड्यांसाठी वाढीव उचल घेऊ नये. त्या कपड्यांची किंमत पुढच्या हंगामात त्याच मुलांच्या आईबापांना कोयत्याने फेडावी लागते.

5. मदत करणाऱ्यांसाठी

पुढच्या वर्षी आम्ही नाताळच्या तीन आठवडे आधी गेलो. पतंगाचा कागद, सुतळी, बॅटरीचे दिवे, मैदा, गूळ आणि तेल हे सामान आम्ही आईबापांच्या हाती दिले. कसे करायचे ते एकदा दाखवले आणि निघून आलो. नाताळच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तेव्हा कोप्यांवर वेड्यावाकड्या चांदण्या लटकत होत्या. तो मुलगा माझा हात धरून ओढत म्हणाला, "बघा, माझ्या बाने केली. मी खळ लावली." आणि त्याने मला गव्हाणीतल्या काड्या मोजून दाखवल्या. अकरा होत्या.

यामुळे उचल फिटली नाही, तोडही एक दिवस थांबली नाही. ती दुःखे मोठी आहेत आणि त्यांसाठी वेगळे काम चालू ठेवावे लागेल. परंतु त्या वर्षी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बापाने दिले. आपण भेट पाठवाल तेव्हा ती आईबापांच्या हातून मुलांपर्यंत जाईल असे पाहा, आणि ती वेळेआधी पाठवा, म्हणजे घरात तयारीला दिवस मिळतील.

चर्चेसाठी प्रश्न
1. लहानपणच्या नाताळातली कोणती गोष्ट आपल्याला आजही आठवते? ती विकतची होती की कुणासोबत केलेली?
2. निर्गम 12:26 प्रमाणे आपल्या मुलाने "हे का?" असे विचारले, तर आपण दोन वाक्यांत काय सांगाल?
3. आपल्या मंडळीच्या नाताळ वाटपात आईबापांचे स्थान कोणते असते?

प्रार्थनेचे विषय
• नाताळ परमुलखात काढणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे आणि त्यांच्या लेकरांचे आगीपासून, थंडीपासून व आजारापासून रक्षण व्हावे.
• कोप्यांत धाकट्यांना सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणींची शाळा सुटू नये.
• आपल्या प्रत्येक घरी मुलांचे प्रश्न ऐकायला आईबापांना वेळ मिळावा.

प्रभु येशू आपल्या सर्वांच्या घरी जन्मोत्सवाचा आनंद देवो.