तो न्यायाधीश म्हणजे देव नव्हे

एरंडोल, जि. जळगाव

चि. करुणा हिस,
 

तुझं पत्र पोचलं. पहिलंच प्रवचन आणि वाट्याला आला लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, विधवा आणि अन्यायी न्यायाधीश. तू पाठवलेले मुद्दे वाचले. ‘चिकाटीने मागत राहा, देव देतोच’ हा तुझा मथळा. बाई गं, मंडळीत बाकावर बसून हे प्रवचन मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. म्हणून तू उभी राहण्याआधीच कान धरते.

पहिली गोष्ट, तो न्यायाधीश म्हणजे देव नव्हे. तो देवाला भीत नाही आणि माणसाला मोजत नाही, हे येशू सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. त्याने न्याय दिला तो बाईच्या कटकटीला वैतागून. न्यायाची चाड त्याला कधीच नव्हती. असल्या माणसाच्या हातूनही न्याय निघतो, मग देवाकडून का निघणार नाही, असा तो सगळा युक्तिवाद आहे. तू मात्र देवालाच त्या खुर्चीत बसवलंस आणि प्रार्थना म्हणजे साहेबाला कंटाळा येईपर्यंत मारायच्या फेऱ्या, असं करून टाकलंस.

आणि नुसती चिकाटीच थोर असेल तर लूकचाच तेविसावा अध्याय काढ. येशूमध्ये दोष सापडत नाही, असं न्याय करायला बसलेला रोमी सुभेदार पिलात तीनदा म्हणतो. जमाव हटत नाही, त्याला वधस्तंभावर खिळा असं ओरडतच राहतो, शेवटी पिलात वाकतो. चिकाटी तिथेही होती! हा दृष्टांत सांगणाऱ्यालाच पुढे असा न्यायाधीश भेटला, हे तुझ्या मुद्द्यांत कुठेच नाही.

आता त्या बाईकडे बघ. ती काय मागते? नोकरी नाही, परीक्षेतला पहिला नंबर नाही. वैऱ्याविरुद्ध न्याय मागते. विधवेला छळू नका, तिचा न्याय बुडवू नका, असं मोशेच्या नियमशास्त्रात आधीच लिहिलेलं होतं. म्हणजे ती हक्काचं मागत होती, उपकार नव्हे. तिच्यामागे पुरुष नाही, हातात द्यायला पैसा नाही. उरतं काय, तर पुन्हा जाणं.

इथली एक बाई तुला सांगते, नाव लिहीत नाही. नवरा गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव चढायचं होतं. दिराने हरकत घेतली, फेरफार अडला. अर्ज मीच लिहून दिला म्हणून तिची पिशवी पाहिलेली आहे. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, जुना उतारा, सगळं दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर दोरा बांधलेला. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाउन, कधी पुढची तारीख. शिपाई म्हणाला, माय, घर जाय. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “सही व्हयी तव्हयच मी जासू.” सही अजून झालेली नाही. ती अजून जाते. आपल्या मंडळीतली नाही ती, दर शनिवारी मारुतीला तेल वाहते. तरी लूकमधली ती विधवा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हीच येते. लूकच्याच सातव्या अध्यायात रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून येशूला नवल वाटलं, तोही इस्राएलातला नव्हताच.

तू म्हणशील, मग देव देतो की नाही? पंडिता रमाबाईंचं बघ. 1882 मध्ये वैधव्य आलं. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन. उतारवयात हिब्रू-ग्रीक समोर ठेवून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम घेतलं. विधवेचा हा दृष्टांतही त्यात एका विधवेच्याच हातून उतरला. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्या घरात प्रार्थनेला काय कमी होती? तरीही बाईंनी भाषांतर सोडलं नाही. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ छापून आला 1924 मध्ये. ‘देव देतोच’ हे वाक्य त्यांच्यापुढे उभं राहून म्हणून बघ. तुझ्यासमोर बसलेल्या बायकांतही कुणाचं तरी लेकरू गेलेलं असेल. तिची प्रार्थना कमी पडली, असा अर्थ तुझ्या तोंडून चुकूनही निघता कामा नये.

दृष्टांताचा शेवट तर तू गाळूनच टाकलास. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास सापडेल का, असं येशू विचारतो. माझ्या मते सगळं तिथे आहे. अन्याय चालायचाच, असं म्हणून घरी न बसणं, एवढाच इथे विश्वासाचा अर्थ.

आमच्या गावाला लोक महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणतात, पांडववाडा दाखवतात. बकासुराकडे रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा हे त्या नगरीने मान्य करून टाकलं होतं, घरोघरी पाळ्या लावल्या होत्या. पाळी ठरली की लोकांना तो अन्याय वाटेनासाच होतो. ती पाळी मोडायला भीमाला धाडलं कुंतीने. तीही विधवाच. हे प्रवचनात सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव; पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडेल.

शेवटचं एक बोचणारं. प्रवचन देताना आपण सगळे स्वतःला त्या विधवेच्या जागी धरतो. पण कमिटीत बसणारे, सही-शिक्के हातात असलेले, म्हणजे त्या न्यायाधीशाच्या जागचे, आपल्यातही आहेत. संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1,500 रुपये मिळवायला किती कागद लागतात ते एकदा एखाद्या विधवेबरोबर रांगेत उभी राहून बघ. उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 ची, म्हणजे आधी तो दाखला काढा, मग पुढचं.

तर मथळा बदल, पिलात घाल, शेवटचं वचन गाळू नकोस. आणि सुटीत दोन दिवस माझ्याकडे ये. त्या बाईची पुढची तारीख आहे, या खेपेला अर्ज तू लिही; माझं अक्षर आता साहेबांना लागत नाही.

तुझी,
आत्या