वाटाण्याचा कोंब आणि हलती चित्रे

आपण बिलोलीकडचे लोक. मृगाचा पाऊस पडला की आपण रान पेरतो. तूर, मूग, ज्वारी मातीआड होते. चार-सहा दिवसांनी बांधावर जाऊन बघावे, तर कोंब वर आलेले असतात.

आता एक गोष्ट सांगा. कोंब वर आलेला तुम्ही पाहिला. पण तो वर येताना कोणी पाहिला आहे का? दिवसभर तासापाशी उकिडवे बसले तरी तो दिसायचा नाही. तो वाढतो हे खरे, पण इतका सावकाश वाढतो की आपल्या डोळ्याला ते उमगत नाही.

एका माणसाने मात्र ते लोकांना दाखवले. महिनाभराची वाढ त्याने सुमारे एका मिनिटात दाखवली. त्या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब फाळके म्हणतात.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या आणि बडोद्याच्या शाळांत ते चित्रकला शिकले. पुढे त्यांनी फोटो काढण्याचा धंदा केला, सरकारी नोकरी केली, छापखानाही चालवला. भागीदारांशी पटले नाही, म्हणून छापखाना सोडला.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी एक परदेशी सिनेमा पाहिला. तो येशू ख्रिस्ताच्या जीवनावर होता. दादासाहेबांच्या मनात आले, आपल्या रामकृष्णांच्या गोष्टी अशा पडद्यावर का दिसू नयेत? तेव्हा त्यांचे वय चाळिशीचे होते. घरात बायको, मुले, आणि हाती पैसा नाही. तरी त्यांनी नवी विद्या शिकायला घेतली. ते रोज सिनेमे पाहत, रात्री पुस्तके वाचत. झोप पुरेना. डोळ्यांवर इतका ताण पडला की त्यांना दिसेनासे झाले. उपचार झाले, तेव्हा नजर परत आली.

१९१२ साली विम्याचे कागद गहाण ठेवून ते विलायतेला गेले. तिथे सिनेमाचे काम शिकले, कॅमेरा विकत घेतला आणि घरी आले.

पण सिनेमा काढायला पैसा हवा. जो पैसा देतो, तो आधी विचारतो, "तुला हे जमेल कशावरून?" दादासाहेबांनी तोंडाने उत्तर दिले नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि कुंडीसमोर कॅमेरा ठेवला. महिन्याहून अधिक दिवस ते न चुकता त्या रोपाची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही. मग ती सारी चित्रे त्यांनी ओळीने पडद्यावर दाखवली. लोकांच्या डोळ्यांसमोर माती उकलली, कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढला. ते पाहून पैसे देणारे पुढे आले.

आमच्या रात्रीच्या वर्गात हे वाचून दाखवले. तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "गुरुजी, ही तर नजरबंदी झाली की वो!"

ही नजरबंदी नव्हे. चुलीतले जळते लाकूड अंधारात गरगर फिरवून बघा. विस्तव एका ठिकाणी असतो, पण डोळ्याला आगीचे अख्खे कडे दिसते. भरभर पुढे येणाऱ्या गोष्टी आपला डोळा एकमेकींना जोडून घेतो. सिनेमाचेही तसेच आहे. पडद्यावर एकही चित्र हलत नाही. एकामागे एक चित्रे भरभर येतात, आणि आपल्याला ती हलल्यासारखी वाटतात. त्या काळी एका सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. म्हणजे एका मिनिटाला १६ गुणिले ६०, एकूण ९६० चित्रे झाली.

याच युक्तीने निर्जीव वस्तूही चालवता येते. काडी ठेवायची, चित्र घ्यायचे. काडी केसभर सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे. १९१५ च्या सुमारास दादासाहेबांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट असाच काढला. त्यात आगपेटीतल्या काड्या आपल्या आपण हलत. आज ती फिल्म उरलेली नाही. पण आपल्या देशात अशी चलत्‌चित्रे करणाऱ्यांत दादासाहेब पहिले गणले जातात. पुढे १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. आज मुले मोबाइलवर चित्रांतला हनुमान उडताना पाहतात. त्याचे मूळ हेच, एकामागे एक चित्र.

दादासाहेबांचा पहिला मोठा चित्रपट 'राजा हरिश्चंद्र'. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. त्यांनी अंगावरचे दागिने दिले. काम करणाऱ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला यंत्राने भोके पाडली. ही भोके नसतील तर फिल्म यंत्रात पुढे सरकत नाही. आमच्या वर्गातल्या एक बाई हे ऐकून म्हणाल्या, "मग नाव एकट्याचंच कसं झालं?" त्यांचे बोलणे खरे आहे. म्हणून या धड्यात दोघांची नावे लिहिली आहेत.

दादासाहेबांनी नाशिकला पुष्कळ चित्रपट काढले. 'लंकादहन' (१९१७) पाहायला लोकांची झुंबड उडाली. पण भागीदारांशी पुन्हा बिनसले. बोलपट आले, जुना धंदा बसला. त्यांचा शेवटचा चित्रपट 'गंगावतरण' १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. १९६९ पासून भारत सरकार सिनेमातील मोठ्या कामगिरीबद्दल त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

दादासाहेबांसारखे सारे गहाण टाका, असे हा धडा सांगत नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. चाळिशीतही नवी विद्या शिकता येते. आणि मोठे काम करण्याआधी ते कुंडीएवढे करून दाखवावे.

करून पाहा
वहीच्या वीस पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने कोंब काढा. प्रत्येक पानावर तो थोडा थोडा उंच करा. मग अंगठ्याने पाने भरभर सोडा. काय दिसते?

प्रश्न
१. पैसे देणाऱ्यांना दादासाहेबांनी काय दाखवले?
२. फिल्मला भोके का पाडतात?
३. अर्ध्या मिनिटाला किती चित्रे लागत?