एका यंत्रांत अनेक यंत्रें

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर लालबागेंत राहणारे एक पालक आम्हांस भेटावयास आले. मुलाचा संगणकाकडे ओढा पाहून त्यांनीं लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानांतून, कोण्या कचेरीनें काढून टाकलेला जुना सर्व्हर बोनसाच्या पैशांतून विकत घेतला होता. त्यावर ईएसएक्सआय ही व्हीएमवेअरची प्रणाली घालून एका यंत्रांत चार-पांच यंत्रें चालवावीं, असा मुलाचा मनोदय. परंतु प्रणालीची सातवी आवृत्ति बसवूं जातां पडद्यावर नकार उमटला: हा प्रोसेसर चालणार नाहीं. "सर, यंत्र तर उत्तम चालू आहे. मग आम्ही फसलों कीं काय?" हा त्यांचा प्रश्न. त्यांस दिलेलें उत्तर इतर पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून तें येथें विस्तारानें देत आहों.

प्रत्येक प्रोसेसरास आज्ञांची एक ठराविक भाषा असते. तिच्याबाहेरचें त्यास कांहीं कळत नाहीं. याचें उदाहरण आपल्या कुलाब्यासच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. नरसिंहन व त्यांचे सहकारी यांनीं स्वतः बांधलेला संगणक १९६० सालीं चालू झाला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नांव 'टिफ्रॅक' ठेविलें. त्याचा शब्द ४० बिटांचा. १९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा आणि आज्ञाही निराळ्या. एकाच्या यंत्रभाषेंत लिहिलेलें दुसऱ्यास अगदीं परकें. त्याच वर्षीं आयबीएम कंपनीनें एकच आज्ञाभाषा जाणणाऱ्या लहानमोठ्या संगणकांचें कुटुंब जाहीर केलें, आणि त्याच वंशांतील यंत्रांवर एका संगणकाचे अनेक आभासी संगणक करण्याची विद्या वाढीस लागली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आभासी यंत्र म्हणजे प्रोसेसरची नक्कल, असें पुष्कळांस वाटतें. तशी नक्कल करितां येते, पण ती फार मंद चालते. प्रचारांतील पद्धतींत आभासी यंत्राच्या बहुतेक आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवरच चालतात. गिरगांवांतील चाळच डोळ्यांपुढें आणा. प्रत्येक बिऱ्हाड आपल्या खोलींत स्वतंत्र संसार करितें. पण टाकीच्या मुख्य कॉकास हात लावण्याचा अधिकार मालकाच्या मेहत्यास. कोणा भाडेकरूनें कॉकास हात घातला कीं मेहत्याच्या खोलींत घंटा वाजली पाहिजे, म्हणजे तो येऊन काय तें योग्य करील. पोपेक व गोल्डबर्ग या दोघां विद्वानांनीं १९७४ सालीं हाच नियम शास्त्रीय भाषेंत मांडला.

आपल्या घरोघरच्या संगणकांत जो इंटेलचा वंश आहे, तो या नियमास उतरत नव्हता. पेंटियम प्रोसेसरांत अशा १७ आज्ञा असल्याचें २००० सालीं दाखविण्यांत आलें कीं, ज्यांवर घंटा वाजतच नाहीं. भाडेकरू कॉक फिरवितो, कॉक फिरत नाहीं, मेहत्यास पत्ता नाहीं, आणि भाडेकरू मात्र पाणी आलें असें समजून बसतो! व्हीएमवेअरनें १९९९ सालीं यावर तोड काढली ती मोठी चतुराईची: धोक्याच्या आज्ञा आधींच वाचून, बदलून, मग त्या प्रोसेसरपुढें ठेवावयाच्या. पुढें २००५ च्या अखेरीस इंटेलनें आणि २००६ सालीं एएमडीनें ही घंटा प्रोसेसरांतच बसविली.

आमच्या पालकांच्या यंत्रांत ही घंटा होती. त्याचा प्रोसेसर इंटेलच्या वेस्टमियर पिढीचा, २०१० सालचा. मग नकार कां? तर प्रणालीचे कर्ते प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर, कोणत्या पिढीपर्यंत आपण जबाबदारी घेऊं, हें ठरवितात. २०२० च्या सातव्या आवृत्तींत वेस्टमियर वगळला गेला. आम्हांस हा न्याय किंचित् कठोर वाटतो. परंतु प्रत्येक जुन्या प्रोसेसरवर प्रत्येक आवृत्ति तपासून पाहणें हेंही सोपें नव्हे. पालक फसले नव्हते. यंत्र आणि आवृत्ति यांची पत्रिका तेवढी जुळली नव्हती.

मोठ्या कचेऱ्यांपुढें याहून निराळा पेंच असतो. चालू असलेलें आभासी यंत्र न थांबवितां एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेतां येतें. पण पहिला प्रोसेसर नवा व दुसरा जुना असेल तर? परळकडील भजनी मंडळांत एकाचा गळा काळी पांचपर्यंत सहज चढतो, दुसऱ्याचा काळी एकलाच थांबतो. एकानें दमून उठावें आणि दुसऱ्यानें तोच अभंग तेथून उचलावा, असें करावयाचें तर सर्वांस झेपेल तीच पट्टी आरंभापासून धरावी लागते. तसेंच येथें नव्या प्रोसेसरच्या जादा आज्ञा आभासी यंत्रापासून झांकून ठेवितात. इंटेल व एएमडी या दोन घराण्यांत मात्र हा उपाय चालत नाहीं; यंत्र बंद करूनच पलीकडे न्यावें लागतें.

तेव्हां जुनें यंत्र घेण्यापूर्वीं प्रोसेसरचें पूर्ण नांव व क्रमांक लिहून घ्यावा आणि प्रणालीच्या कर्त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या यादींत तो त्याच आवृत्तीपुढें आहे कीं नाहीं, हें पाहावें. घरीं विंडोज असल्यास टास्क मॅनेजरमध्यें 'व्हर्च्युअलायझेशन' ही ओळ सांपडते. तेथें सोय बंद दिसली तरी निराश होऊं नये. कित्येकदां ती बायोसमध्यें नुसती मिटून ठेविलेली असते.

लालबागच्या त्या सर्व्हरवर आम्हीं व त्या मुलानें मिळून लिनक्स घातलें. त्यांतील केव्हीएम ही सोय २००७ पासूनची आहे, आणि तिनें वेस्टमियरला नाकारलें नाहीं. आतां त्यावर चार आभासी यंत्रें चालतात. पंख्याचा आवाज मात्र इतका मोठा आहे कीं, रात्रीं दहानंतर तें बंद करावें, असा आजीचा हुकूम झाला आहे.